पारा सावलीतला, माणूस पत्र्याखालचा

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोंडाईचात सूर्य डोक्यावर येतो, तो केवळ बोलण्यापुरता नाही. हे शहर २१.३ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले आहे. त्यामुळे २७-२८ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या दरम्यान उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. नेमक्या याच दिवसांत खान्देशातल्या प्रत्येक गावात एक सूचना फिरत असते: दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांतही हेच सांगितलेले आहे आणि रस्त्यावर, शेतात, बाजार समितीच्या आवारात राबणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. पण या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे. घर बाहेरपेक्षा थंड असते, असे ते गृहीत. घरावर जुना पत्रा असेल तर ते कितपत खरे ठरते, याचा हिशेब आपण क्वचितच करतो.

हा हिशेब अवघड नाही. ऊन ही उष्णतेच्या प्रारणांची झोत आहे. ती एखाद्या वस्तूवर पडली की वस्तू किती तापेल, याचा अंदाज अभियंते रोज बांधत असतात. दोंडाईचाच्या रेल्वे स्थानकातून उधना-जळगाव मार्ग जातो, तिथलेच उदाहरण पाहू. ऊन वाढले की रूळ प्रसरण पावतात आणि वाकण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून रेल्वे हवामान खात्याच्या आकड्यावर विसंबून राहत नाही. ती रुळाचे तापमान वेगळे मोजते. लांब जोडलेले रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवलेले असतात, त्यापेक्षा रूळ २० अंशांनी अधिक तापले की उन्हाळी गस्त सुरू करण्याचा नियम आहे. हवेचे तापमान आणि लोखंडाचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रेल्वेने केव्हाच मान्य केले आहे. रुळापासून चार पावलांवरच्या घरांचे पत्रेही त्याच उन्हात तापतात. त्यांचे तापमान मात्र कोणी मोजत नाही.

पारा नेमका कशाचा?

‘आज पारा ४४ वर’ असे आपण वाचतो, तेव्हा तो पारा एका लाकडी पेटीतला असतो. ही पेटी पांढऱ्या रंगाची, चारही बाजूंनी झडपांची आणि जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेली असते. ऊन थेट पडू नये, जमिनीची धग लागू नये आणि वारा खेळता राहावा, अशी ही व्यवस्था. हवेचे खरे तापमान कळण्यासाठी आणि एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करण्यासाठी ती आवश्यकच आहे. मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ अंशांवर गेला, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते.

मात्र माणूस त्या पेटीत राहत नाही. त्याच्या अंगाला हवा लागते, तसेच भोवतालच्या प्रत्येक तापलेल्या पृष्ठभागाकडून येणारे प्रारणही लागते. चुलीसमोर बसल्यावर हवा फारशी गरम नसतानाही तोंड भाजते, ते याच कारणाने. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. त्या दिवशी परिसरात हवेचे तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. खान्देशच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल. तरीही तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. दमट हवा आणि डोक्यावरचे थेट ऊन, यांचा भार पाऱ्याच्या आकड्यात दिसत नव्हता.

पत्र्याच्या घरातही ऊन थेट लागत नाही. ते आधी पत्र्याला लागते आणि मग पत्रा ते खाली पोचवतो.

छताचा हिशेब

आता दोंडाईचातल्या एखाद्या घराचे छत घेऊ. घरकुल योजनेत ग्रामीण भागासाठी घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट धरलेले आहे. हाच आकार धरू. मेमधल्या निरभ्र दुपारी आडव्या छतावर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ९५० वॅट ऊन पडते. संपूर्ण छतावर जवळपास २४ किलोवॅट. एक किलोवॅटचे २४ हीटर छतावर मांडून सुरू केले, असे समजा.

हे सगळे ऊन छत शोषत नाही. जुना, गंजलेला, धुळीने माखलेला पत्रा शंभरातले ऐंशी भाग शोषतो, म्हणजे चौरस मीटरला ७६० वॅट. एवढी ऊर्जा आत आली की पत्रा तापत जातो. तापताना तो तीन वाटांनी उष्णता परत टाकतो. एक, वरून वाहणारा वारा ती नेतो. दोन, पत्रा आकाशाकडे प्रारण टाकतो. तीन, खाली खोलीत उष्णता जाते. मिळणारी आणि जाणारी उष्णता समान झाली की तापमान स्थिर होते. या स्थिर तापमानाचा ढोबळ अंदाज देणारे सूत्र असे:

छताचे तापमान = हवेचे तापमान + (शोषलेले वॅट − ९०) ÷ २६

यातले ९० वॅट हे कोरड्या आकाशाकडे जाणाऱ्या प्रारणाचे आहेत. कारण आकाश हवेपेक्षा बरेच थंड असते. पत्रा हवेपेक्षा एक अंश जास्त तापला की तिन्ही वाटांनी मिळून दर चौरस मीटरला सुमारे २६ वॅट बाहेर पडतात. हा आकडा मंद वाऱ्यासाठी आणि खाली काहीही न लावलेल्या पातळ पत्र्यासाठी आहे. हवा अगदी पडलेली असेल तर उत्तर पाच-सहा अंशांनी वाढेल. जोराच्या झळा वाहत असतील तर कमी होईल.

आकडे घालून पाहा. ७६० मधून ९० वजा केले, ६७० उरले. त्याला २६ ने भागले, सुमारे २६ अंश आले. हवा ४४ अंशांवर असेल तर पत्रा ७० अंशांच्या आसपास. हात टेकवला तर चटका बसावा, इतके. अशा पत्र्यातून खोलीत चौरस मीटरला सुमारे २०० वॅट उतरतात. २५ चौरस मीटरला ५ किलोवॅट. भर उन्हाळ्यात घराच्या आढ्याला पाच हीटर उलटे टांगून सुरू ठेवावेत, तशी ही अवस्था.

आणि हे फार लवकर होते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम चार किलो असते. एवढ्याशा लोखंडात उष्णता साठायला जागाच नसते. ऊन आले की पत्रा दोन-तीन मिनिटांत तापतो, ढग आला की तितक्याच लवकर निवतो. बारा फुटांचा पत्रा ४० अंशांनी तापला तर पावणेदोन मिलिमीटरने लांबतो. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रे कडकड वाजतात, ते यामुळे.

मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या इंधन साठवणुकीच्या ठिकाणी एक टाकी पेटली तर शेजारची किती तापेल, टाक्यांमध्ये किती अंतर ठेवावे आणि पाण्याचे फवारे किती लागतील, हेही याच पद्धतीच्या हिशेबाने ठरवतात. तिथे प्रारण उन्हाच्या दहापटीहून अधिक असू शकते, इतकाच फरक. टाकीसाठी जो हिशेब सक्तीने होतो, तो माणसांच्या छतासाठी करण्यात कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

पत्रा, स्लॅब आणि धाबे

पत्रा वाईट आणि स्लॅब चांगला, असा सरळ निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असते. एक अंश तापायला त्याला पत्र्याच्या शंभरपटीहून जास्त उष्णता लागते. त्यामुळे दुपारी स्लॅबखाली पत्र्यापेक्षा बरे वाटते. पण वरची उष्णता स्लॅबमधून हळूहळू खाली सरकत असते. तिला तळापर्यंत यायला तीन ते पाच तास लागतात. दुपारी एकचे ऊन संध्याकाळी पाच-सहाला छतातून खोलीत उतरू लागते आणि रात्री उशिरापर्यंत उतरत राहते. रात्री अकरालाही पंख्याची हवा तोंडावर गरम येते, असा अनुभव वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला असेल.

पत्र्याचे वागणे याच्या उलट. सूर्य मावळला की तो लगेच निवतो आणि कोरड्या, निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होतो. पत्रा दुपारचा शत्रू आणि स्लॅब रात्रीचा, असे म्हणता येईल. दुपारी कामावर जाऊन रात्री घरी येणाऱ्या तरुणाला स्लॅबचा त्रास जास्त. दुपारभर घरात असणारी म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि दिव्यांग यांच्यासाठी पत्रा घातक. ‘घराबाहेर पडू नका’ हा सल्ला सर्वांत काटेकोरपणे पाळतात तीही हीच माणसे. त्यांना बाहेर पडताच येत नाही.

खान्देशाला या दोहोंच्या मधला एक जुना मार्ग ठाऊक होता. धाब्याचे घर. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि त्यावर फूट-दीड फूट माती. दर पावसाळ्याआधी वर खारी माती टाकून धाबे नीट करायचे. या मातीच्या थराला तेच गणित लावले तर उत्तर लक्षवेधी येते. कोरड्या मातीतून उष्णता अतिशय सावकाश सरकते. फूटभर मातीच्या वरच्या बाजूला दिवसरात्रीत ४० अंशांचा चढउतार होत असेल, तर खालच्या बाजूला तो जेमतेम दोन-तीन अंशांचा उरतो. शिवाय दुपारच्या उन्हाची जी काही झळ खाली पोचते, ती दहा-अकरा तासांनी, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास. तोवर घरातली माणसे वर धाब्यावर मोकळ्या हवेत झोपायला गेलेली असत. छत आणि राहणी यांचा मेळ असा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बसलेला होता.

म्हणून पुन्हा धाब्याकडे वळा, असे सांगणे सोपे आहे, पण व्यवहार्य नाही. चांगले लाकूड महाग झाले, दरवर्षी माती चढवायला हात राहिले नाहीत, धाबे गळते आणि जोराच्या पावसात मातीची घरे कोसळून माणसे दगावतात. मैदानी भागात घरकुलासाठी केंद्राच्या निकषानुसार १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात घर पुरे करायचे तर अनेक कुटुंबे भिंती उभारून वर पत्रा टाकतात आणि स्लॅब ‘पुढच्या वर्षी’वर ढकलतात. तेव्हा आज डोक्यावर आहे त्या पत्र्याचे आणि त्या स्लॅबचे काय करायचे, हाच खरा प्रश्न आहे.

अंगावर काय येते?

छताच्या तापमानाचा शरीराशी संबंध कसा, तेही आकड्यांतच पाहू. आठ फुटांवर ७० अंशांचा पत्रा, भिंती आणि हवा ४४ अंशांवर. अशा खोलीत बसलेल्या माणसाच्या अंगाला भोवतालचे सरासरी ‘प्रारण-तापमान’ ५२ अंशांच्या आसपास जाणवते. भिंतीवरचा तापमापक ४४ दाखवत असला तरी. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे उष्णता शरीरातून बाहेर जाण्याऐवजी आत येते: प्रारणाने सुमारे १४० वॅट, पंख्याच्या गरम हवेने आणखी १०० वॅट. शरीर स्वस्थ बसूनही स्वतः १०० वॅट निर्माण करत असते. बेरीज साडेतीनशेच्या घरात.

एवढी उष्णता बाहेर काढायला शरीराजवळ एकच साधन उरते, ते म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातो. हिशेबाने तासाला अर्धा लिटर घाम. अकरा ते पाच या सहा तासांत तीन लिटर. तेही नुसते बसून राहिलेल्या माणसाला. तरुण, निरोगी व्यक्ती पाणी पीत राहिली तर हे निभावते. सत्तरीच्या आजीला तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर पाणी आधीच कमी झालेले असते. हृदयाला त्वचेकडे अधिक रक्त फिरवावे लागते. उष्माघात होण्याआधीच हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास बळावतो आणि मृत्यू त्याच नावाने नोंदला जातो.

म्हणूनच पंख्याविषयीचा एक इशारा लक्षात ठेवायला हवा. हवा ४० अंशांपेक्षा गरम असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या तापमानात पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. अंग ओले केलेले असेल किंवा कूलर असेल तर गोष्ट वेगळी. खान्देशातल्या कोरड्या हवेत ओला पंचा अंगावर घेऊन पंख्याखाली बसण्याचा उपयोग होतो, कारण पाणी वेगाने वाळते.

छत आणि आजार यांचा संबंध आपल्या शेजारीच नोंदला गेला आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूती विभाग वरच्या मजल्यावर, थेट छताखाली होता. उष्णतेने आजारी पडून अतिदक्षता विभागात येणारी नवजात बाळे वाढू लागली. नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४२ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे अशी दाखल होणारी बाळे ४३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. प्रसूती विभाग खालच्या मजल्यावर हलवल्यावर हे प्रमाण कमी झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. डोक्यावरचे छत तेवढे बदलले.

चुना काय करतो?

आता सूत्राकडे परत येऊ. हवेचे तापमान, ऊन, आकाश यांतले काहीच आपल्या हाती नाही. हाती आहे तो ‘शोषलेले वॅट’ हा एकच आकडा. छत पांढरे केले तर ते शंभरातले तीसच भाग ऊन शोषते, म्हणजे २८५ वॅट. त्यातून ९० वजा करून २६ ने भागा. साडेसात अंश. पत्रा ७० ऐवजी ५१-५२ अंशांवर. खाली उतरणारी उष्णता ५ किलोवॅटवरून दीड किलोवॅटच्या आत येते.

खान्देशात धूळ फार, हे खरे. वाऱ्यावावदळाने चुना मळला आणि शोषण पंचेचाळीस भागांवर गेले, असे धरू. तरीही पत्रा ५७ अंशांच्या आसपास राहतो आणि आतली उष्णता निम्म्यावर असते. चुना पत्र्यावर टिकत नाही, पावसात धुऊन जातो, हीसुद्धा खरी तक्रार. म्हणून चुन्यात चिकटपणासाठी डिंक मिसळतात किंवा छतासाठीचा पांढरा रंग वापरतात. गंज आधी तारेच्या ब्रशने काढावा लागतो. चुना मार्चअखेर मारला तर ऐन उन्हाळ्यात कामी येतो. मेच्या मध्यावर आठवण झाली तर निम्मा हंगाम गेलेला असतो.

नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, मग पांढऱ्या रंगाची गरज काय, असे कोणी विचारेल. चकाकणारा धातू ऊन काही प्रमाणात परतवतो, पण स्वतःची उष्णता आकाशाकडे टाकण्यात तो फार कंजूष असतो. त्यामुळे नवा पत्राही हात भाजण्याइतका तापतो. खाली प्रारण कमी टाकतो, एवढी जमेची बाजू. पण ही चकाकी काही वर्षांत जाते. चुना किंवा पांढरा रंग दोन्ही कामे करतो: ऊन परतवतो आणि उष्णता सोडतोही.

छतावर पाणी मारणे हा घरोघरचा उपाय. त्याचाही हिशेब मांडू. आपल्या २५ चौरस मीटरच्या पत्र्याला हवेच्या तापमानापर्यंत खाली आणायचे तर दर तासाला सुमारे २५ लिटर पाणी वाळावे लागेल. सहा तासांना दीडशे लिटर, म्हणजे रोजचे दहा हंडे. शिवाय जे पाणी वाळण्याआधी ओघळून जाईल ते वेगळेच. ज्या दिवसांत नळाला पाणी किती दिवसांआड येते याची चर्चा होते, त्या दिवसांत हा उपाय सगळ्यांनी करण्याजोगा नाही. पत्र्यावर गोणपाट टाकून ते ओले ठेवले तर पाणी वाया कमी जाते आणि गोणपाटाची सावलीही मिळते.

पऱ्हाट्या, पाचट, कडबा पत्र्यावर पसरणे हा शेतकऱ्याच्या घरातला उपाय. हवा कोंडून ठेवणारा असा थर उष्णता चांगली अडवतो. पण वाळलेल्या पऱ्हाट्या पेट घ्यायला ठिणगीची वाट पाहत असतात. चुलीचे धुराडे किंवा वरून जाणारी विजेची तार जवळ असेल तर हा उपाय नकोच. घराच्या आत, पत्र्याच्या खाली हातभर अंतरावर बांबूची चटई किंवा पांढरे कापड ताणून बांधले तरी पत्र्याचे प्रारण थेट अंगावर येत नाही. दोन्हींच्या मधली गरम हवा बाहेर जायला वर झरोका ठेवायला हवा.

यातले काहीही हवेला थंड करत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पारा ४४ वर असेल तर चुना मारलेल्या घरातही उकडणारच. भारतातल्या अशा प्रयोगांत घरातले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरल्याचे दिसते. वाचायला हा आकडा छोटा वाटतो. पण शरीर आपल्या क्षमतेच्या काठावर उभे असते, तेव्हा दवाखान्यात जाणे आणि न जाणे यांतले अंतर दोन-तीन अंशांचेच असू शकते. छताकडून येणारे प्रारण निम्म्याने घटते, तो फायदा वेगळा.

नियोजनात छत कुठे आहे?

२०१० च्या त्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली छते पांढरी करण्याचा प्रयोग केला. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये ‘शीत छत धोरण’ आणले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छते अशी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन्ही ठिकाणी उन्हाळ्याचा विचार इशाऱ्यापासून सुरू झाला आणि छतापर्यंत आला.

आपल्याकडे भर अजूनही इशाऱ्यावर आहे. २०२४ च्या मेअखेरीस अकोल्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी २५ ते ३१ मे या काळात कलम १४४ लागू केले. कामगारांना सावली, पाणी आणि पंखे द्यावेत, शिकवण्या भर दुपारी घेऊ नयेत, असे आदेश निघाले. ते आवश्यकच होते. अशा आदेशाने माणूस उन्हातून घरात येतो. पण घरातल्या ७० अंशांच्या पत्र्यावर कोणत्याही कलमाचा अंमल चालत नाही.

दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेसारख्या संस्थेला यासाठी मोठे धोरण येण्याची वाट पाहावी लागणार नाही. पहिले काम मोजणीचे. मालमत्ता कराच्या नोंदीत घर पक्के की कच्चे हे लिहिलेले असते. पत्र्याखाली किती कुटुंबे आहेत, हे त्यातून निघू शकते. कुठल्या घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणावरचा रुग्ण आहे, हे आशासेविकेला पाठ असते. या दोन याद्या एकत्र केल्या की आधी कोणाची छते पांढरी करायची, हे ठरते. दुसरे काम सार्वजनिक छतांचे: अंगणवाड्या, शाळांचे पत्र्याचे वर्ग, आरोग्य केंद्रांचे स्लॅब, बसथांबे. तिसरे काम अगदी स्वस्त आहे. प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार पत्र्याच्या घरांत साधे तापमापक लावून दुपारी दोनचा आणि रात्री दहाचा आकडा लिहून ठेवायचा. विज्ञान शिकणारी शाळकरी मुलेही हे करू शकतील. एका उन्हाळ्यात आपल्या गावाचा स्वतःचा हिशेब तयार होईल.

आणि घरकुल मंजूर करताना छताची बाहेरची बाजू पांढरी असावी, एवढी एक ओळ निकषांत घालता येईल. एकूण खर्चाच्या मानाने ही बाब किरकोळ आहे. घर मात्र तीस-चाळीस उन्हाळे पाहणार असते.

घरोघरी काय करता येईल?

पत्र्याखाली राहणाऱ्यांनी ऐन दुपारी घरातल्याच थंड जागेचा शोध घ्यावा. जमिनीवर, छतापासून लांब बसणे खाटेवर बसण्यापेक्षा बरे. झाडाची दाट सावली, देवळाचा सभामंडप, समाजमंदिर किंवा शेजारचे खालच्या मजल्याचे घर पत्र्याच्या खोलीपेक्षा खात्रीने सुरक्षित असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बाळांना अकराच्या आत तिथे नेता आले तर न्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, लिंबाचे सरबत द्यावे. लहान बाळाला अंगावरचे दूध वारंवार पाजावे.

कोणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या जाऊ लागल्या, झटका आला किंवा शुद्ध हरपली आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. अशा वेळी तापाची गोळी उपयोगाची नसते. १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

उद्याच्या पेपरात पारा किती, हे आपण वाचूच. तो आकडा वाचल्यावर एकदा मान वर करून आपल्या छताकडेही पाहावे. तो पांढरा असेल तर आकड्यात सात-आठ मिळवा, गंजलेला पत्रा असेल तर सव्वीस. त्या घरात दुपारी कोण बसलेले असते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.